लाल आधी की काळा

वीतभर गाळ आणायला आम्ही चौघं रांजणघळीत उतरणार होतो, आणि आमच्यातल्या एकीला दुसऱ्याचा जीव हवा होता.

ज्याचा जीव हवा होता तो लालासाब मुल्ला, खांडवाडीच्या वरच्या तलावाचा बासष्ट वर्षांचा चौकीदार. गेल्या श्रावणात एका सकाळी तो तलाव फुटला आणि वाडीतली नऊ माणसं पाण्याने ओढून नेली. जिला त्याचा जीव हवा होता ती अंबूबाई. त्या नऊ जणांत तिचा एकुलता एक लेक गुंडू होता.

वाडीच्या डोक्यावर सडा आहे, म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार. तिथे एक कंपनी बॉक्साइट काढते. उकरलेल्या लाल मातीचा ढीग तिने तलावाच्या काठावरच रचला होता. कंपनी म्हणाली, चौकीदार झोपला, जादा पाणी सोडायचा दरवाजा उघडला नाही, तलाव तुंबून बांध फुटला, आणि पायथा वाहून गेल्यामुळे आमचा ढीग मागाहून घसरला. लालासाब म्हणाला, दरवाजा मी आदल्या संध्याकाळीच उघडला होता, आधी ढीग तलावात कोसळला आणि त्याच्या लाटेने बांध फोडला. वाडीने कंपनीचं ऐकलं. माणसं दगड घेऊन लालासाबच्या घरावर गेली, कौलं फोडली, त्याच्या बायकोला, हुसेनबीला, दंडाला धरून बाहेर ओढलं. अंबूबाईने आत शिरून त्यांची चूल लाथेने फोडली. ती चूल तिनेच घातलेली होती, कारण आसपासच्या चार वाड्यांत चुली घालणारी ती एकटीच. हुसेनबी इचलकरंजीला लेकीकडे गेली ती परत आली नाही.

चौकशीची शेवटची सुनावणी सोमवारी होती. आम्ही निघालो त्या दिवशी शुक्रवार होता.

माझी भाची संयोगिता कोल्हापुरात कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. तिला माणसांपेक्षा दगड जास्त आवडतात, आणि बऱ्याच माणसांच्या बाबतीत मला तिचं पटतं. तिने मला हे प्रकरण पोहे खाता खाता समजावलं होतं. सड्यावरची माती लाल. तलावाच्या तळाचा गाळ काळा. पूर तलाव आणि वाडी यांच्यामधल्या रांजणघळीतून गेला तेव्हा जिथे पाणी आडोशाला थांबलं असेल तिथे दोन्ही बसले असणार, एकावर एक. जे आधी आलं ते खाली. लाल खाली असेल तर ढीग आधी कोसळला, म्हातारा सुटला. काळा खाली असेल तर तलाव आधी फुटला, म्हातारा गेला.

घळीच्या तळातला गाळ यंदाच्या पावसाने धुऊन नेला होता. उरली होती फक्त आंधळी कपार. तळापासून वीस हात उंच असलेलं हे बिळासारखं भोक, त्यात पाणी शिरलं ते फक्त त्या एका पुरात. तिथली वाट माहीत होती फक्त अंबूबाईला. मधासाठी ती लहानपणापासून घळीत उतरायची. संयोगिता तिच्याकडे गेली, पाया पडली, सगळं खरं सांगितलं. अंबूबाईने एकच अट घातली.

"लालासाबाला बी संगट घ्या," ती म्हणाली. "गाळ त्याच्या इरुद्ध बोलला, तर त्याला मी तितंच कड्यावनं ढकलणार. कोर्टकचेरी मला नगं."

संयोगिताचा चेहरा उतरला. लालासाब मात्र शांतपणे म्हणाला, "कबूल हाय. तवा मीच काठावर जाऊन उभा ऱ्हाईन, आक्का. तुला ढकलायचं कष्ट नगंत."

आणि मी? मी हंबीरराव. कागलच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत बावीस वर्षं साचे भरतो. वाळूची पेटी ठासायची, उचलायची, फिरवायची, पण आतला कण हलू द्यायचा नाही, ही माझी रोजीरोटी. मऊ गाळाचा तुकडा भिंतीतून अखंड काढायला भाचीला माझ्यासारखा हात हवा होता. मी पत्र्याची चौकट बनवली. वीतभर लांब, वीतभर रुंद, पुढे-मागे सरकती झाकणं. वर मिजास अशी की, असल्या पेट्या मी डोळे झाकून भरतो. ही मिजास पुढे आम्हाला किती महागात पडणार होती, ते तेव्हा कुणाला ठाऊक!

सकाळी सातला आम्ही सड्यावर चढलो. परतीच्या पावसाचे दिवस. गवत कमरेएवढं, सोनकीची पिवळी फुलं सुकत चाललेली, आणि पश्चिमेला कोकणच्या बाजूने ढग काळेकुट्ट होऊन वर येत होते. अंबूबाई पुढे, कमरेला कोयता. तिच्यामागे संयोगिता, मग मी, शेवटी दोराचं भेंडोळं खांद्यावर घेतलेला लालासाब.

गवा आम्हाला दिसला नाही. आधी त्याचा फुत्कार ऐकू आला.

डाव्या हाताला, दहा पावलांवर, गवत फाटलं. एकांडा नर, काळाभोर, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. त्याने मान खाली घातली आणि सरळ अंबूबाईवर आला. ती जागची हलली नाही. लालासाब धावला! त्याने तिला खांद्याने धडक देऊन बाजूला पाडलं. गव्याचं शिंग त्याच्या कुशीला घासून गेलं, सदरा टर्रकन फाटला. संयोगिताने पाठीवरची पिशवी काढून जनावराच्या तोंडावर फेकली. मग गव्याने आपला सगळा राग त्या पिशवीवर काढला. शिंगाने उडवली, खुरांनी तुडवली, पुन्हा उडवली. कॅमेरा, फोन, होकायंत्र, वही, सगळ्याचा चेंदामेंदा झाला. आम्ही जांभ्याच्या एका खड्ड्यात पालथे पडून तो निघून जाईपर्यंत श्वास धरला.

लालासाबच्या बरगडीवरून रक्त ओघळत होतं. मी अंबूबाईला म्हटलं, त्याने तुमचा जीव वाचवला. तिने पदराची धूळ झटकली.

"तेनं माजा लेक परत येतोय व्हय?" एवढंच म्हणून ती चालू लागली.

घळीचं तोंड एका करवंदीच्या जाळीमागे होतं. आत उतरलो आणि जग बदललं. वर सगळा काळा कातळ, पण खाली, जिथे ओढ्याने डोंगर कापत कापत पार मुळापर्यंत नेलं होतं, तिथे पांढरट गुलाबी वाळूचा दगड उघडा पडला होता. त्यात पाण्याने कोरलेले रांजण, एकेक माणूस बुडेल एवढे. भिंतीवर बारीक बारीक लाटा उमटलेल्या होत्या, जणू काल संध्याकाळीच समुद्र इथून मागे सरकला असावा. क्षणभर सगळं विसरून संयोगिताने त्या लाटांवर हात ठेवला. तिचे डोळे असे चमकताना मी तिच्या लग्नातसुद्धा पाहिले नव्हते.

ती सांगत गेली आणि आम्ही चालता चालता ऐकत गेलो. काळा कातळ येण्याच्या कितीतरी आधी इथे एक प्रचंड खोलगट जमीन होती, बशीसारखी. तिच्यात नद्यांनी गाळ ओतला. खालच्या थरातले गुलाबी खडे दक्षिणेच्या डोंगरांतून आले. ते डोंगर झिजून आता संपले, खडे तेवढे उरले. मग पाणी वाढलं, नदीची जागा उथळ समुद्राने घेतली, आणि स्वच्छ पांढरी वाळू बसली. नदी कुठून आली, कधी फिरली, समुद्र कधी शिरला, हे सगळं बशीतल्या थरांना विचारायचं. आपण आज विचारायला चाललोय ते तसंच आहे, ती म्हणाली, फक्त बशी लहान आणि गोष्ट एका सकाळची.

अंबूबाईने वळून पाहिलं. तिने हे सगळं ऐकलं होतं.

पहिला दगड आला तेव्हा मला वाटलं वीज कडाडली. कलिंगडाएवढा धोंडा माझ्या पुढ्यात आपटून फुटला. वर पाहिलं तर काठावर तीन डोकी. दुसरा दगड आला, तिसरा आला! "भिंतीला चिकटा!" मी ओरडलो. लालासाब चिकटला. अंबूबाई चिकटली. संयोगिता वळली आणि दगडाची एक कपची तिच्या डोक्यावर बसली. ती आवाज न करता कोसळली. केसांतून रक्त भळभळून तिच्या कानात शिरत होतं. मी तिला काखेत धरून ओढत एका पुढे आलेल्या कातळाखाली नेलं. श्वास चालू होता. डोळे उघडत नव्हते.

मग वरून दोर पडला आणि एक माणूस सरसर उतरला. विजयसिंह. कंपनीचा सुपरवायझर, सात फुटांची लोखंडी पहार हातात. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो अंबूबाईशी बोलला.

"आक्का, तू बाजूला हो. म्हातारा मेला तर तुजंच काम हुतंय की."

"त्याला मारायचा तर मी मारीन," अंबूबाई म्हणाली. "तू कोण?"

त्याने पहार उचलली आणि लालासाबवर घातली. म्हातारा खाली बसला म्हणून वाचला, पहार दगडावर आदळून ठिणग्या उडाल्या. मी त्याच्या कमरेला मिठी मारली. त्याने कोपराने माझं नाक फोडलं. तोंडात रक्ताची चव आली, तरी सोडला नाही. आम्ही दोघं रांजणाच्या काठावर लोळलो, त्याचा अंगठा माझ्या डोळ्यात घुसत होता, आणि तेवढ्यात ठप्प असा ओला आवाज आला. अंबूबाईने कोयत्याची उलटी बाजू त्याच्या नडगीवर हाणली होती. हाड मोडल्याचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. तो किंचाळला! वरच्या दोघांनी दोर ओढून त्याला पोत्यासारखा वर घेतला.

अंबूबाई धापा टाकत उभी होती. तिच्या कपाळावर आठी होती, पण ती रागाची नव्हती.

"गाळाला एवढं का भ्यालं हे?" ती स्वतःशीच म्हणाली.

उत्तर द्यायला वेळ नव्हता. पाऊस सुरू झाला होता. घळीतून वाहणाऱ्या घोटाभर पाण्याचा रंग बदलला, आधी चहासारखा, मग विटेसारखा. सड्यावरचं सगळं पाणी आता याच चिरेतून खाली येणार होतं. मी समोरच्या भिंतीतल्या आंधळ्या कपारीकडे पाहिलं. वीस हात वर, गुळगुळीत भिंत, मध काढणाऱ्यांनी ठोकलेल्या जुन्या खुंट्या. अंबूबाईने बोटाने वाट दाखवली, ही खाच, तो खुंट, मग डावीकडे. ती स्वतः संयोगिताचं डोकं मांडीवर घेऊन बसली, लुगड्याचा बोळा जखमेवर दाबून.

मी चढलो. दोराचं एक टोक माझ्या कमरेला, दुसरं एका सुळक्याला वेढा देऊन लालासाबच्या हातात. दोनदा पाय निसटला. दोन्ही वेळा दोर ताठ झाला आणि मी लटकलो. खाली म्हाताऱ्याच्या तळव्यांची साल निघत होती, ते मला नंतर कळलं.

कपारीत सरपटत शिरलो. बॅटरीच्या उजेडात समोर गाळाची भिंत. पण लाल कुठे, काळा कुठे? ओल्या गाळाला एकच रंग असतो, चिखलात लोळलेल्या म्हशीचा. वरून पाणी ठिबकून सगळ्या भिंतीवर चिखलाचं सारवण झालं होतं. पुसून बघायला उसंत नव्हती, कारण माझ्या डोक्यावर गुरगुर ऐकू येत होती. वरून लोटलेल्या दगडांनी काठावरच्या ओहोळाचं तोंड फिरवलं होतं. ते पाणी आता कपारीच्या छतातल्या फटीतून आत घुसायला बघत होतं.

मी चौकट भिंतीला लावली. लाकडी हातोडीने ठोकली. एक बाजू, मग दुसरी, न घाई, न दांडगाई, फौंड्रीत ठासतो तशी. मागून तार ओढून तुकडा सोडवला. अखंड! झाकणं सरकवली. वर कुठली बाजू हे कळावं म्हणून पत्र्यावर खिळ्याने बाण ओरखडला. आणि छत फुटलं!

पाण्याचा लोट माझ्या पाठीत बसला. मी पेटी छातीशी धरून कपारीबाहेर फेकला गेलो. हवेत. मग दोराचा हिसका, भिंत, पुन्हा भिंत. खांदा निखळला असं वाटलं. माझ्यामागून आंधळी कपार सगळा गाळ ओकत होती. वर्षभर जपून ठेवलेला सगळा पुरावा डोळ्यांदेखत ओढ्याला मिळाला. उरला तो फक्त माझ्या कवेत.

लालासाबने मला खाली घेतलं तेव्हा पाणी मांडीपर्यंत होतं. आम्ही संयोगिताला उचलली. अंबूबाईने भिंतीतल्या एका चिंचोळ्या पायवाटेने आम्हाला वर नेलं, घळीच्या मध्यावर, एका कोरड्या कपारीत. खालून दहा मिनिटांत झाडं वाहत गेली. धोंडे एकमेकांवर आपटत होते आणि त्या आवाजाने कातळ थरथरत होता. आम्ही चौघं जिवंत होतो. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

पावसाचा जोर दुपारी ओसरला. संयोगिता कण्हत होती, पण शुद्ध नव्हती. पेटी चौकशी अधिकाऱ्यासमोरच उघडायची, असं तिने मला बजावून ठेवलं होतं. अंबूबाईला त्याची पर्वा नव्हती. तिने पेटीकडे बोट दाखवलं. उघड. मी नाही म्हटलं. तिने कोयता मांडीवर घेतला. मग लालासाबच म्हणाला, "उघडा, हंबीरराव. वरीस झालं, मला बी बघायचं हाय."

मी पेटी बाण वर करून दगडावर ठेवली. झाकण सरकवलं. कोयत्याच्या पात्याने वरचा चिखल खरवडला, तसे रंग सुटे झाले.

वर लाल. खाली काळा.

लालासाब त्या गाळाकडे असा पाहत होता, जणू कुणी त्याच्या तोंडावर थुंकलं होतं. त्याचे ओठ हलले.

"मी दरवाजा उघडला हुता," तो म्हणाला. मग थांबला. "का मला झोप लागली असंल? माजं मलाच कळंना झालं."

तो उठला. दिलेल्या शब्दाप्रमाणे कपारीच्या कडेला जाऊन उभा राहिला, पाठ आमच्याकडे करून. खाली तीस हातांवर लाल पाणी उसळत होतं.

अंबूबाईने त्याला ढकललं नाही. ढकलण्याने तिचं भागणार नव्हतं. तिने कोयता उगारला आणि धार चालवली. म्हाताऱ्याने हात वर घेतला म्हणून मान वाचली, दंड चिरला गेला. मी मागून तिच्यावर झडप घातली. तिने मला झटकला. बाईच्या अंगात दहा जणांचं बळ आलं होतं. तिने लालासाबला केसांना धरून मागे ओढला, उताणा पाडला, छातीवर गुडघा रोवला. पेटीतल्या काळ्या थरात पंजा घातला आणि मूठभर गाळ काढून त्याच्या तोंडात कोंबला.

"खा. माजा गुंडू खाल्लास न्हवं, आता हे बी खा."

म्हातारा गुदमरला. प्रतिकार मात्र करत नव्हता. मी तिचे खांदे ओढत होतो आणि माझी नजर पेटीवर पडली. त्या बाणावर.

बावीस वर्षं मी साचे भरतो. खालची पेटी आमच्याकडे पालथी भरतात. ठासून झाली की उलटवायची. म्हणून भरतानाच जी बाजू जमिनीला टेकलेली असते तिकडे बाणाचं टोक काढायचं, कारण उलटवल्यावर तीच वर येते. डोळे झाकून भरतो म्हणालो होतो ना मी? कपारीत, अंधारात, पाणी डोक्यावर असताना, हाताने सवयीचं केलं होतं. बाणाचं टोक मी खालच्या बाजूला काढलं होतं!

मी ओरडून सांगितलं. पेटी उलटी आहे, चूक माझी आहे, फौंड्रीची खोड आहे. अंबूबाईने माझ्याकडे वळून पाहिलं, ते डोळे मी विसरणार नाही.

"आता तू बी फिरीवतोस? गाळ मनासारखा आला न्हाय म्हणून?"

तिच्या जागी मी असतो तर मीही विश्वास ठेवला नसता. तिने दुसरी मूठ भरली, तो गाळ चिरडला, आणि तिचा हात थांबला.

तिने अंगठा बोटांवर फिरवला. एकदा. पुन्हा. कोयता तिने कधी खाली ठेवला ते मला कळलं नाही. ती पेटीजवळ गुडघ्यांवर बसली. लाल थराच्या वरच्या कडेची चिमूट घेऊन तिने दाताखाली धरली आणि थुंकली. त्याच थराच्या खालच्या कडेची चिमूट घेतली, जिभेवर ठेवली. मग काळ्याचं तसंच केलं.

चुलीची माती ती आधी घमेल्यात कालवते. ढवळते आणि सोडून देते. तळाला खर, म्हणजे जाडी रेती, बसते ती टाकायची, वर लोण्यासारखी येते ती लेप द्यायला घ्यायची. चाळीस वर्षं तिच्या बोटांना हेच काम होतं.

"खर वर हाय," ती म्हणाली. आवाज बदलला होता. "लोणी खाली. दोनी थरांत तसंच. असं कवाच बसत न्हाय. जड खाली बसतंय, हलकं वर."

तिने दोन्ही हातांनी पेटी उचलली, उलटी केली, आणि दगडावर ठेवली.

खाली लाल. वर काळा.

लालासाब तोंडातला गाळ थुंकत उठून बसला. अंबूबाई त्याच्याकडे पाहत राहिली. ती रडली नाही, माफी मागितली नाही. तिने लुगड्याची पट्टी फाडली आणि त्याचा दंड इतका करकचून बांधला की तो कळवळला.

पाणी उतरलं तसे आम्ही निघालो. मी संयोगिताला पाठीवर घेतली. पेटी अंबूबाईने डोक्यावर चुंबळ करून घेतली आणि वाडीपर्यंत कुणालाही हात लावू दिला नाही.

सोमवारी सुनावणीला संयोगिता डोक्याला बारा टाके घालून, माझ्या खांद्याचा आधार घेऊन आली. तिने नीट समजावून सांगितलं. मग कंपनीचा वकील उठला आणि त्याने पेटीवरच्या बाणावर बोट ठेवलं. हा बाण ह्यांच्याच माणसाने काढला, आणि तो वर दाखवतोय, मग लाल वर की नाही? आता म्हणे बाण खोटा! लोक हसले. मी माझी चूक कबूल केली, तेव्हा आणखी हसले. बावीस वर्षांची कारागिरी आणि तिने एका म्हाताऱ्याच्या गळ्यात फास अडकवला होता.

अंबूबाई उठली. तिने अधिकाऱ्याच्या टेबलावरची पाण्याची काचेची बाटली घेतली. पेटीतल्या एका थराचा वरपासून खालपर्यंत उभा काप काढून आत टाकला, तोंडावर तळवा ठेवून खळाखळा हलवली, आणि बाटली मध्ये ठेवली.

"थांबा," ती म्हणाली. "निवळू द्या."

अधिकारी काहीतरी बोलणार होता, पण ज्या बाईचा लेक गेला ती स्वतः लालासाबच्या बाजूने उभी होती, म्हणून गप्प बसला. वकील बसला. विजयसिंह मागच्या बाकावर प्लास्टरातला पाय पुढे करून, दोन पोलिसांच्या मध्ये बसला होता. सगळी खोली त्या बाटलीकडे पाहत राहिली. खर टपटप तळाला गेली. मग बारीक. मग, फार सावकाश, लोणी.

अधिकाऱ्याने बाटली उचलली, पेटीतल्या थराशेजारी धरली, आणि अंबूबाईने मांडली होती तशीच पेटी मांडून ठेवली. मग त्याने लिहायला घेतलं. ढीग आधी कोसळला, असं त्या कागदावर आहे. कंपनीचं काय व्हायचं ते होईल, ती लढाई लांबची आहे. पण चौकीदार निर्दोष, हे त्याच दिवशी लिहून झालं.

आठवड्याने मी लालासाबच्या घरी गेलो, कौलं चढवायला. हुसेनबी इचलकरंजीहून आली होती, दारात उभी. आत अंबूबाई उकिडवी बसून चूल घालत होती. शेजारी घमेल्यात माती निवळत होती. हुसेनबीने तिला पाणी दिलं, तेही तिने हात न थांबवता, तोंड पुढे करून घेतलं. लालासाब एका हाताने तिला माती देत होता. दुसरा अजून गळ्यात बांधलेला होता.

चूल पुरी झाल्यावर तिने शेवटचा हात फिरवला आणि उठली.

"चार दीस जाळ घालू नगा," ती हुसेनबीला म्हणाली. "तवर जेवण माज्याकडं."